तलावही पाहिजेत आणि शिखरही: वावर सांभाळून हिमालयात कधी जावं?

धुरकरी

मंडळी, आम्हा चौघा मित्रांना एकदा हिमालयात पाठीवर बॅग टाकून चालायला जायचं आहे. खेचरावर सामान लादून आपण मोकळं चालायचं हे नको, आपलं ओझं आपणच न्यायचं असं ठरलंय. हट्ट दोन आहेत. झाडं संपल्यावर वर जे बर्फाच्या पाण्याचे निळे तलाव लागतात ते पाहायचेत, आणि एका तरी शिखराच्या माथ्यावर उभं राहायचंय.

अडचण अशी की चौघांचे धंदे वेगवेगळे. मी आणि चुलतभाऊ शेती करतो (कपाशी, सोयाबीन, थोडी तूर), तिसरा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, चौथ्याचं मेडिकल. गाव दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं, त्यामुळे आमच्याकडे चढ म्हणजे धरणाची भिंत. नेटवर पाहिलं तर प्रत्येक ट्रेक 'सोपा ते मध्यम' लिहिलेला. कोणता निवडावा, कोणत्या महिन्यात जमवावा, सपाट मुलखात राहून तयारी कशी करावी, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. 'मनात आणलं की सगळं होतं' छापाचे सल्ले नकोत, ते मास्तर रोज देतो.

तर्री_पोहा

तलाव पाहाचा तं लोणार काय वाईट हाय बे? सकाळी निघाचं, संध्याकाळी घरी.

वैराट

@तर्री_पोहा, लोणार म्हणजे उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेला खड्डा. धुरकरी म्हणतात ते तलाव हिमनद्यांनी खडक खरवडून केलेले. दोन्ही बघावेत, पण एकाच्या बदल्यात दुसरा चालत नाही.

धुरकरी, तुमचे दोन्ही हट्ट एकाच वाटेवर पुरे होणं कठीण आहे. काश्मीरमध्ये सोनमर्गहून निघून नारानागला उतरणारी वाट तलावांसाठी पहिल्या नंबरची, हिलाच सगळे काश्मीर ग्रेट लेक्स म्हणतात. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, शेवटी नंदकोल आणि गंगाबल. साधारण ७० किलोमीटर, आठवडाभराचं काम. निचनई खिंड ४,००० मीटरच्या वर, गडसरची खिंड सुमारे ४,२०० मीटर. पण या वाटेवर शिखर नाही. गंगाबलच्या डोक्यावर हरमुख उभा असतो, ५,१४२ मीटर. तो खालून बघायचा. चढायचा तर दोर, आइस अ‍ॅक्स आणि ते वापरायचं रीतसर शिक्षण लागतं.

माथा हवा असेल तर उत्तराखंडातला केदारकंठा, ३,८१० मीटर, सांकरी गावातून. वर गेल्यावर स्वर्गारोहिणी, काळानाग, बंदरपूंछ समोर. वाटेत 'जुडा का तालाब' लागतो, पण तो जंगलात आहे, झाडांच्या वरचा नाही.

दोन्ही पाहिजेच असतील तर मनाली. भृगू तलाव ४,२०० मीटरच्या आसपास आणि पतालसूचा माथाही जवळपास तेवढाच. दोन वेगळ्या छोट्या चढाया, मुक्काम एकाच गावात. मात्र मे महिन्यात भृगू बर्फाखाली असू शकतो. मग पांढऱ्या मैदानाचा फोटो काढून 'याच्याखाली तलाव आहे' असं गावात सांगत फिरावं लागेल.

तलाव जास्त प्रिय की माथा, ते आधी चौघांनी भांडून ठरवा.

जवस

वैराट यांनी कुठे ते सांगितलं, कधीचं कोणी बोलतच नाही. मीही शेतकरी आहे, म्हणून लिहितो.

काश्मीरच्या तलावांचा मोसम जुलै ते सप्टेंबरचा मध्य. नेमकं तेव्हाच आपल्याकडे डवरणी, निंदण, खत, फवारणी. जुलैत आठवडाभर वावर सोडा, परत आल्यावर कपाशी कुठे आणि गवत कुठे ते शोधायला गाइड लागेल. केदारकंठ्याला गर्दी डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा कापसाचा वेचा सुरू आणि बाया मिळत नाहीत. एप्रिल-मे आपण मोकळे, तर काश्मीरच्या खिंडी बर्फानं बंद. हिमालयानं कपाशीवाल्यांशी वैर धरल्यासारखं वेळापत्रक आहे.

एकच फट सापडते. पोळा झाला की सोयाबीन सोंगणीला यायच्या आधीचे दिवस. शेंगा भरत असतात, निंदण संपलेलं असतं, एखादी फवारणी शेजाऱ्यावर सोपवता येते. लवकर निघणारं वाण पेरलं असेल तर मात्र हीही फट बुजली. आम्ही याच फटीतून गेलो होतो. सप्टेंबरात तिकडे पाऊस कमी, आकाश स्वच्छ, गर्दी कमी. थंडी मात्र रात्री हाडात शिरते आणि फुलं संपत आलेली असतात.

धुरकरी

@वैराट, भांडण सुरू झालं आहे. चुलतभाऊ माथ्याच्या बाजूनं, मी तलावाच्या, मेडिकलवाला ज्याच्याकडे बॅग हलकी त्याच्या बाजूनं.

@जवस, तुमची फट पटली, पण मास्तर अडकतो. त्याला सप्टेंबरात सुट्टी नाही. त्याचं म्हणणं, उन्हापायी आपल्या विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तर जूनमध्ये चला. आता मृग लागल्यावर पेरणी टाकून मी तलाव बघायला गेलो तर बायको मला त्याच तलावात राहा म्हणेल.

पांढरं_सोनं

तयारीचं काय घेऊन बसले भाऊ? पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन चिखलातून दिवसभर फवारनारा मानूस आपन. पंपाचं वजन धरून वीस किलोच्या घरात जाते. शहरातले पोट्टे दहा किलोची बॅग घेऊन फोटो काढतेत. आपल्याले सरावाची गरज नाई.

पुण्यातला_वऱ्हाडी

@पांढरं_सोनं, ताकदीबद्दल वाद नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पंप फवारता फवारता रिकामा होतो, बॅग संध्याकाळपर्यंत तेवढीच राहते. आणि पंपाचा सगळा भार खांद्यांवर असतो. सॅकचा भार कमरेवर घ्यायचा असतो. कमरपट्टा कटिहाडाच्या वर घट्ट बसवायचा आणि मग खांद्याचे पट्टे एवढेच ओढायचे की बॅग मागे लटकणार नाही. खांद्याच्या पट्ट्याखालून बोट सहज गेलं पाहिजे. हे न करता गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी मान वळवू शकत नाही, मग तो शेतकरी असो की पैलवान. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भरू नका.

आणि चढापेक्षा उतार मारतो. मांड्यांना उताराची सवय सपाट रानात चालून लागत नाही. शक्य असेल तर महिनाभर आधी सह्याद्रीत दोन-तीन किल्ले करा.

तर्री_पोहा

हाओ, सरावासाठी पुन्याले रूम करतो भाड्यानं. पाटीवरच्या सूचना वाचून वाचून तसाच दम लागते.

पुण्यातला_वऱ्हाडी

अपेक्षित प्रतिसाद. :)

सातपुडी

सह्याद्रीपर्यंत कशाला जायचं? आमच्या परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहे, गाविलगड आहे. आम्ही मैत्रिणी काश्मीरला जाण्याआधी भरलेली बॅग घेऊन आठवड्याला एकदा चढ-उतार करत होतो. बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरायच्या, म्हणजे गुडघा बोलायला लागला की पाणी ओतून वजन कमी करता येतं. दारव्ह्याच्या लोकांनी तीच धरणाची भिंत वापरावी, तिरकी चढून तिरकी उतरावी, अंधार पडेपर्यंत. लोक हसतील, हसू द्या.

आता वाटेबद्दल, कारण इथे सगळे नकाशे सांगतायत. निचनईची खिंड ओलांडली की खाली लांबलचक कुरण आहे आणि त्यात नाला. तिथे सगळ्यांना वाटतं की झालं, आलं विशनसर. येत नाही. कुरण संपतच नाही. तलाव एका उंचवट्यामागे आहे, तंबू लावून थोडं चढून गेल्याशिवाय तो दिसतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी किशनसरच्या काठाने गडसरच्या खिंडीवर चढलो, तेव्हा दोन्ही तलाव एकदम खाली दिसले. किशनसरचं पाणी विशनसरात उतरताना दिसतं. आमच्यातली एक, जी अख्ख्या वाटेवर बडबड करत आली होती, ती तिथे खाली बसली आणि सुकलेला अंजीर तोंडात धरून तशीच राहिली, चावायचंच विसरली. एवढं मी पाहिलंय.

सातसरच्या पुढे मोठमोठ्या धोंड्यांची वाट आहे. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकताना बॅग मागून ढकलते. पट्टे सैल असतील तर तिथे कळतं. आणि गंगाबलहून नारानागचा उतार, पुण्यातला_वऱ्हाडी म्हणतात ते शंभर टक्के खरं. एका दिवसात सुमारे १,४०० मीटर खाली. निघायच्या आधी पायाची नखं कापा, नाहीतर बुटाला आपटून काळी पडतात.

जवस

अंजीर +१. आमच्यातला एक तिथे गावाकडे फोन लावत होता. रेंज नव्हतीच, तरी कानाला धरून उभा.

डॉ_पळस

मजा चालू आहे, थोडं रुक्ष लिहितो. मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आणि स्वतः डोंगरात जातो.

४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही खालच्याच्या साधारण ६० टक्केच. याचा ताकदीशी संबंध नाही. @पांढरं_सोनं, चाळीस पोती उचलणाऱ्यालाही विरळ हवा लागू शकते आणि सोबतच्या किडकिडीत मास्तरला काहीच होत नाही. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही सुरुवात. अशा वेळी अजून वर जायचं नाही. सरळ रेषेत चालता येत नसेल, बरळत असेल, बसल्याजागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल तर रात्र असली तरी खाली उतरायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपलेलं चालतं. म्हणूनच भृगूबद्दल सावध राहा. वाट छोटी आहे, पण मनालीहून ४,२०० फार लवकर येतं. मनालीत आधी दोन रात्री काढा.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी (डायमॉक्स) कामाची आहे. प्रतिबंधाला मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण मित्राचं मेडिकल आहे म्हणून पाकीट उचलून नेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. दारू वर गेल्यावर बंद. 'थंडीसाठी थोडीशी' हीसुद्धा.

तर्री_पोहा

शेवटची ओळ वाचून माझा बेत रद्द.

मोहफूल

डॉक्टरसाहेब, एक गोष्ट तुमच्याकडून राहिली, ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. मी गडचिरोलीत नर्स आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांना एएस पॅटर्न असतो, म्हणजे ते वाहक असतात. त्यांना आयुष्यभर काही त्रास नसतो, शेतात राबतात, सैन्य भरतीसाठी पळतात. पण फार उंचावर प्राणवायू कमी पडला की वाहकांमध्येही कधीकधी प्लीहेचा रक्तपुरवठा बंद पडतो. डाव्या बरगडीखाली जोरात दुखतं, आणि सोबतचे म्हणतात गॅस झाला. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी तर या उंचीचा विचारच करू नये. कॉलेजात असताना तपासणी झाली असेल तर कार्ड शोधा, नसेल तर जाण्याआधी तपासून घ्या. आधी सोल्युबिलिटी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. सरकारी दवाखान्यात होते.

डॉ_पळस

@मोहफूल, पूर्ण सहमत, आणि आभार. बाहेरच्या ट्रेक कंपन्यांच्या आरोग्य-फॉर्मवर हा प्रश्न मी तरी पाहिलेला नाही. वाहक असणाऱ्यांनी जाऊच नये असं नाही, पण माहीत असलं पाहिजे, पाणी भरपूर प्यायलं पाहिजे आणि त्या दुखण्याला गॅस म्हणायचं नाही.

धुरकरी

ताई, हे आमच्या डोक्यातही नव्हतं. चौघंही तपासून घेतो. चुलतभावाच्या सासरी सिकलसेल आहे, त्याचं स्वतःचं कधी कोणी पाहिलं नाही.

पांढरं_सोनं

डॉक्टरसाहेब, मान्य. पंपाचं बोलनं मागं घेत नाई, पन सराव करतो. कपड्याचं सांगा कोनी. सुती चालते ना?

पुण्यातला_वऱ्हाडी

नाही. सुती कपडा घाम धरून ठेवतो, थंडीत वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. अंगाला लागून पॉलिस्टर किंवा लोकर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं), त्यावर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. जीन्स घरी ठेवा.

पांढरं_सोनं

जल्मभर कापूस पिकवला, अन् तथी पॉलिस्टर घालू? भाव कमी भेटते हे समजत होतं, एवढा अपमान पाह्यला नव्हता.

जवस

हाहाहा. टोपी तरी सुती घाला, निषेध म्हणून.

हिंगणघाटी

विषयांतर होतंय, पण वैराट यांनी हरमुखचं नाव काढलं म्हणून राहवत नाही. १८५६ मध्ये सर्वेक्षण खात्याचा थॉमस माँटगोमेरी याच हरमुखवर यंत्रं घेऊन चढला होता. तिथून त्याला दूर काराकोरममधली शिखरं दिसली, त्यांना त्याने के१, के२ असे नंबर दिले. के१ ला पुढे तिथलं मशेरब्रुम हे नाव लागलं. के२ चा नंबरच नाव म्हणून राहिला. आज जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर तेच.

आता आपल्याकडे या. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं हे काम, ते विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासकडे सुरू केलं. साखळ्या आणि थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर इथेच आहे. पुढे हिमालयापर्यंत पोचलेलं काम वर्धा जिल्ह्यातून गेलं, हे आमच्याच गावात किती जणांना माहीत असेल शंका आहे. धुरकरी, हरमुख पाहिला की आमच्या गावाची आठवण काढा.

सातपुडी

हे माहीत नव्हतं! हरमुखसमोर चहा पिऊन आले मी, कोणी सांगितलं नाही.

तर्री_पोहा

धाग्याचं काश्मीर होऊन रायलं. म्हंजे विषयच काश्मीर हाय, तरी.

वैराट

काश्मीरवर परत येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामजवळ हल्ला झाल्यावर तिथली बरीच पर्यटनस्थळं आणि वाटा बंद केल्या होत्या. त्यामुळे तिकीट काढण्याआधी ही वाट त्या मोसमात खुली आहे का आणि परवानगी कोण देतं ते श्रीनगरच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. वाटेत सैन्याच्या चौक्या लागतात, मूळ आधार कार्ड लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही असं धरून चला. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये बंद पडतं, एकाने तरी पोस्टपेड घ्यावं.

नागपूरहून हिमसागर एक्सप्रेस कटऱ्यापर्यंत जाते, आठवड्यातून एकदाच. कटऱ्याहून श्रीनगरला जून २०२५ पासून रेल्वे सुरू झाली आहे, चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून. गॅसचा डबा गाडीत नेऊ नका, बंदी आहे. श्रीनगरला घ्या.

आणि ओझं स्वतः न्या, हौस चांगली आहे, पण वाट दाखवणारा स्थानिक माणूस घ्याच. धुकं उतरलं की त्या कुरणात दहा पायवाटा सारख्याच दिसतात. त्यातल्या नऊ बकरवालांच्या (तिथल्या भटक्या मेंढपाळांच्या) मेंढ्यांच्या असतात.

मोहफूल

खायला काय नेता? मॅगीवर आठवडा निघत नाही.

सातपुडी

आम्ही सातूचं पीठ नेलं होतं. गूळ-पाणी घातलं की झालं, चूल पेटवायची गरज नाही. जवसाची चटणी, शेंगदाणे, खारकेचे लाडू. रात्री खिचडी. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे तुरीची डाळ शिजतच नाही. मुगाची न्या.

जवस

तुरीची डाळ शिजत नाही तिथे वऱ्हाडी माणूस जाऊन करतो काय?

पण एक महत्त्वाचं. पाकिटांचा कचरा परत आणा. गंगाबलच्या काठावर आम्हाला कुरकुऱ्याची पाकिटं सापडली, आणि काश्मिरी पंडितांची यात्रा जाते तिथे. दुसऱ्याच्या चंद्रभागेत आपण पाकीट टाकू का?

धुरकरी

सगळ्यांचे आभार. काल रात्री पारावर बैठक झाली. ठरलं ते असं. यंदा पोळ्यानंतर काश्मीरचे तलाव, वाट खुली असेल तर. सोयाबीन आम्ही मुद्दाम उशिरा येणारं वाण पेरतो आहोत, चुलतभावाची कुरकुर आहे पण पेरू. माथ्याचा हट्ट सोडला नाही. तो पुढच्या एप्रिलमध्ये केदारकंठ्यावर, तेव्हा वेचा संपलेला असतो. मास्तर सप्टेंबरात किरकोळ रजा मागून पाहणार आहे. नाही मिळाली तर तो फक्त एप्रिलमध्ये, आणि परीक्षांच्या तारखा आडव्या आल्या तर तिथेही नाही. त्यामुळे सध्या तो कोणाशी बोलत नाही. तपासणीला चौघं सोमवारी जातोय.

डॉ_पळस

तपासणीला जाल तेव्हा हिमोग्लोबिन आणि बीपीही बघून घ्या, एकाच खेपेत होईल.

वैराट

एप्रिलमध्ये केदारकंठ्याच्या माथ्याजवळ पहाटे बर्फ कडक असतो. बुटाला लावायचे काटे (मायक्रोस्पाइक्स) सांकरीत मिळतात. उजाडण्याआधी निघा आणि ऊन चढायच्या आत उतरा, नंतर बर्फ गुडघ्यापर्यंत खचतो.

नवा_भिडू

बरेच दिवस नुसता वाचत होतो, हा पहिलाच प्रतिसाद. आम्ही वाशीमचे तिघं असाच विचार करतोय. सॅक, स्लीपिंग बॅग, बूट सगळं विकत घ्यायचं तर एका वेच्याचा पैसा जातो. भाड्यानं मिळतं का?

सातपुडी

सॅक, स्लीपिंग बॅग, तंबू श्रीनगरला आणि मनालीला भाड्यानं मिळतात. घेताना चेन दोनदा उघडून-लावून बघा, तंबू दुकानातच उभा करायला लावा. बूट मात्र स्वतःचे घ्या, नेहमीच्या चपलेपेक्षा एक नंबर मोठे, जाड मोजे घालून बघा. आणि निघण्याआधी महिनाभर तेच घालून वावरात जा.